एका पायरीची शिडी

बॅलिकॉरनच्या दफनभूमीत मॅलकी बुकॅननने खणलेली कबर बघायला लोक दफनाच्या आदल्या दिवशीच येतात, असं म्हणत. म्हणणारा बहुतेक वेळा मॅलकीच असे. पण तो खोटं बोलत नव्हता. फार तर दोन-चार माणसं वाढवून सांगत होता.

त्याचा खड्डा होताच बघण्यासारखा. लोण्याच्या गोळ्यातून दोरा फिरवावा तशा चार कडा, कोपरे काटकोनात, तळ असा सपाट की त्यावर ठेवलेल्या कपातला चहा हलला नसता. उत्तर आयर्लंडची ती काळी, ओलसर, हट्टी माती. तिला कापताना फावड्याचा आवाज होऊ नये असा त्याचा कटाक्ष होता. "मातीला कळता कामा नये," तो म्हणे, "की तिला कोणी उघडतंय." असलं काही बोलून झालं की तो मोठ्याने नाक शिंकरी, म्हणजे ऐकणाऱ्याने त्याला कवी-बिवी समजू नये.

सेहेचाळीस वर्षांचा हा गडी अकरा वर्षं त्या दफनभूमीत तात्पुरता होता. एजन्सीकडून आलेला, महिन्या-महिन्याने कागद पुढे ढकलला जाणारा. त्याच्या हातून गेलेले चारशे-साडेचारशे लोक कायमचे झाले, हा तात्पुरताच राहिला. आणि मग त्या वर्षी कायम असलेला म्हातारा खणकर आयव्हन गिलफिलन गुडघे धरून निवृत्त झाला, आणि कौन्सिलने त्याच्या जागेची जाहिरात दिली. कायम जागा भरली की मॅलकीचा कागद संपणार होता. म्हणजे एक तर ही नोकरी मिळवायची, नाही तर फावडं उचलून घरी जायचं.

जाहिरातीच्या तळाशी एक ओळ होती: कॅथलिक समाजातील अर्जदारांचे विशेष स्वागत आहे. तिच्याखाली आणखी बारीक अक्षरात: निवड केवळ गुणवत्तेवर होईल.

गावाने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचायला चष्मा लागत होता.

आता मॅलकी कॅथलिक होता की प्रोटेस्टंट, हे बॅलिकॉरनमध्ये कोणालाच धड सांगता येत नव्हतं. आई फिलोमिना कॅथलिक, बाप सॅम्युएल प्रोटेस्टंट. दोघांनी लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांनी दारं लावून घेतली. आईने पोराला मॅलकी हे नाव दिलं, जे ऐकताच कोणीही म्हणावं, हा पोपचा. बापाने बुकॅनन हे आडनाव दिलं, जे ऐकताच कोणीही म्हणावं, हा राणीचा. प्रोटेस्टंटांच्या पबमध्ये त्याला मॅलकी म्हणत आणि रस्त्यापलीकडच्या कॅथलिकांच्या पबमध्ये बुकॅनन. म्हणजे दोन्हीकडे तो दुसरीकडचाच. मंगळवारी इकडे आणि शुक्रवारी तिकडे पिऊन तो हा अन्याय समसमान वाटून घेई.

आणि त्यात ते अक्षर. इंग्रजी बाराखडीतलं आठवं अक्षर प्रोटेस्टंट शाळेत 'एच' शिकवतात आणि कॅथलिक शाळेत 'हेच'. एवढाच फरक. पण त्या एका श्वासावरून बॅलिकॉरनची माणसं एकमेकांची जात ओळखतात, विचारावं लागत नाही. लहानपणी मॅलकी 'एच' म्हणाला की आई पळी आपटायची आणि 'हेच' म्हणाला की बाप वर्तमानपत्र खाली घ्यायचा. पोराने सातव्या वर्षीच तोडगा काढला: ते अक्षरच सोडून दिलं. त्याची बाराखडी सातव्यावरून थेट नवव्यावर उडी मारायची. दैव असं की ते अक्षर त्याच्या नावातही होतं आणि आडनावातही. स्पेलिंग सांगायची वेळ आली की तो खिशातून गाडी चालवायचा परवाना काढून समोर धरी.

जाहिरात आली त्या मंगळवारी प्रोटेस्टंटांच्या पबमध्ये एकाने ग्लास उंचावला. "झालं की तुझं काम, मॅलकी! पेपरातच स्वागत छापलंय. बँड कधी लावायचा?"

"नोकरीची जाहिरात आहे का लग्नपत्रिका?" दुसरा म्हणाला. "आमच्या पोरांचं स्वागत कोण करणार?"

"तुमची पोरं फावडं उलटं धरतात," मॅलकी म्हणाला आणि आपला ग्लास संपवला.

शुक्रवारी पलीकडे गेला तर तिथे दुसरंच गाणं. "बुकॅनन, तुला कसली काळजी? तुझ्या आडनावाला ते फाटक आपोआप उघडतं. शंभर वर्षं तुमचेच लोक आमच्या आज्यांना पुरताहेत."

"माझी आजीपण पुरलीय त्यांनी."

"कुठल्या बाजूला?"

"एक इकडे, एक तिकडे," मॅलकी म्हणाला. "दोघींचं जमिनीवर पटत नव्हतं, जमिनीखाली विचारायला गेलो नाही."

विचारता आलंही नसतं. दफनभूमीच्या मधून एक पायवाट जाते. डावीकडे कॅथलिक, उजवीकडे प्रोटेस्टंट. तिच्याखाली सात फूट खोल दगडी भिंत आहे. जुन्या काळी बिशप आणि पाद्री यांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते त्या भिंतीवर. वरून दिसत नाही. फक्त खणणाऱ्याच्या फावड्याला कळते.

अर्जासोबत एक वेगळा फॉर्म होता, बंद लिफाफ्यात द्यायचा. त्यात तीन चौकटी: मी प्रोटेस्टंट समाजाचा आहे, मी कॅथलिक समाजाचा आहे, मी दोन्हींपैकी कुठल्याच समाजाचा नाही. पबमधल्या अनुभवी मंडळींनी सांगितलं, दुसऱ्या चौकटीवर खूण कर, वेडा होऊ नकोस. मॅलकीने तिसरीवर केली.

आठवड्याभराने लोरेटा मॅकग्लिन्ची दफनभूमीत आली. या लिफाफ्यांची मोजणी ठेवणं हे कौन्सिलमधलं तिचं काम. ऑफिसचे बूट, काखेत फाइल, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी. मॅलकी खांद्यापर्यंत खड्ड्यात होता.

"मॅलकी, वर ये."

"तूच खाली ये. इथे वारा लागत नाही."

"तू 'कुठलाच नाही'वर खूण केलीस."

"केली."

"असं चालत नाही, बाबा."

"मग ती चौकट छापलीत कशाला?"

"बाहेरून आलेल्यांसाठी. लिथुआनियाचे, तिमोरचे. तू कुठला बाहेरचा? तुझी आई माझ्या आत्याच्या वर्गात होती. तू सांगितलं नाहीस तर मलाच ठरवावं लागतं, नियम आहे. शाळा कुठली?"

"चार वर्षं आईची, चार वर्षं बापाची."

"आणि त्यानंतर?"

"कुंपणाचे खांब पुरले. कुंपणाला दोन्ही बाजू असतात."

लोरेटाने सुस्कारा टाकला. "एखादा क्लब? फुटबॉल? बँड?"

"कबुतरं. शर्यतीची."

"कबुतरांचा क्लब मिश्र आहे," ती खिन्नपणे म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत बॅलिकॉरनची जुनी चमक आली. "बरं, नावाचं स्पेलिंग सांग पाहू."

मॅलकीने खिशातून परवाना काढला.

"वाचता येतं मला. तोंडाने सांग."

"एम, ए, एल, ए, सी," मॅलकी म्हणाला आणि थांबला. फावड्याच्या टोकाने त्याने मातीच्या भिंतीवर ते अक्षर काढलं. "मग ही एका पायरीची शिडी. मग वाय."

लोरेटाला हसू आलं, पण तिने ते फाइलखाली दाबलं. "अरे, निवडीशी याचा संबंध नाही. समितीला हा लिफाफा दिसतही नाही. नुसती मोजणी आहे."

"मग मोजता तरी कशाला?"

"मोजलं नाही तर बाहेर कोण राहिलं ते कळणार कसं?" आता ती चिडली. "शेवटचे चार कायमचे खणकर. चारही एकाच चर्चचे, त्यातले तिघे एकमेकांचे मेहुणे. तुला काय वाटतं, दर वेळी गावातला सगळ्यात चांगला खणणारा त्यांच्याच घरात जन्माला आला?"

"नाही," मॅलकी म्हणाला. तो आयव्हनचे खड्डे ओळखून होता.

"मग?"

"मग माझी खूण बरोबर आहे. मी दोन्हीकडून बाहेर राहिलोय."

लोरेटाने फाइलीत काहीतरी लिहिलं. 'ठरवता आले नाही,' असं. जाताना म्हणाली, "खड्डा छान झालाय रे." मॅलकी दिवसभर त्या वाक्यावर जगला.

मुलाखतीला सात जण होते. गुण देण्याजोगे दोनच: मॅलकी, आणि आयव्हनचा भाचा ट्रेव्हर. ट्रेव्हर बत्तीस वर्षांचा, बैलासारखा दांडगा, मनाने साधा. दगडाची खाण बंद पडल्यावर वर्षभर घरी बसला होता. म्हणजे गरज त्यालाही होती, आणि ही गोष्ट मॅलकीला रागवायला अडचणीची वाटे.

निवड समितीत तिघे. बागा आणि दफनभूमी खात्याचे नॉर्मन स्टीनसन, प्रोटेस्टंट. कार्यालयातल्या कार्मेल क्विगली, कॅथलिक. एक हा, एक तो, म्हणजे तोल राहतो. आणि अध्यक्ष म्हणून भरती विभागातली रासा, लिथुआनियाची, पाच वर्षांपूर्वी आलेली. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, समोर छापील कागद ठेवून. एकाला नॉर्मनने सुरुवात करायची, दुसऱ्याला कार्मेलने, मग आळीपाळीने. यापेक्षा न्याय्य काही असू शकत नाही, असं रासाला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

"सांघिक कामाचं उदाहरण द्या," कार्मेलने विचारलं.

"पेटी उतरवताना चार जण दोऱ्या धरतात," मॅलकी म्हणाला. "पाचवा आत असतो. त्याची मदत होत नाही, पण तो आडकाठीही करत नाही."

रासाने लिहून घेतलं.

चौथा प्रश्न नॉर्मनच्या वाट्याला आला. "कार्यालयातून फोन येतो. उद्या अकरा वाजता दफन, जागा एच चौदा. तुम्ही काय कराल?"

मॅलकी बोलेना. खिडकीबाहेर एक कावळा बोलला, तोही गप्प झाला.

"प्रश्न पुन्हा वाचू का?"

"नको. हा प्रश्न ट्रेव्हरला कोणी वाचून दाखवला?"

"ते सांगता येत नाही," नॉर्मन म्हणाला.

"मी," कार्मेल म्हणाली. ती आपल्या पेनाकडे बघत होती.

"मग त्याला वेगळा प्रश्न विचारलात तुम्ही."

रासाने कागद उचलला. "प्रश्न एकच आहे. हा बघा."

"मॅडम, कागदावर एकच आहे. तोंडात एक नाही."

"मला समजलं नाही," रासा म्हणाली आणि दोन्ही सहकाऱ्यांकडे बघू लागली. नॉर्मनने घसा खाकरला. कार्मेल खिडकीकडे वळली. वीस वर्षं दोघं एका मजल्यावर काम करत होते, एकाच किटलीतला चहा पीत होते, आणि एकमेकांचं ते अक्षर रोज ऐकू येतं असं त्यांनी एकदाही कबूल केलं नव्हतं. त्या गावात ते सभ्यपणाचं मानत नाहीत.

मॅलकीला कळलं की आता दुसरं कोणी बोलणार नाही. परवाना काढून भागणार नव्हतं, शिडी काढून दाखवायला माती नव्हती. त्याने मांडीवर तळवे पुसले. चाळीस वर्षं तोंडात न घेतलेलं अक्षर बाहेर काढायचं, तेही दोन्ही प्रकारांनी.

"दोन्ही बाजूंना ए पासून के पर्यंत रांगा आहेत," तो म्हणाला. "पायवाटेच्या उजवीकडे *एच* चौदा. तिथे मिसेस प्रिंगल झोपल्यात. डावीकडे *हेच* चौदा. ते रिकामं आहे. नॉर्मन साहेब फोन करतात तेव्हा दोन्ही एच. कार्मेलबाई करतात तेव्हा दोन्ही हेच. फोनवर जो बोलतो त्याचा धर्म कळतो, मेलेल्याचा कळत नाही. सात वर्षांपूर्वी नॉर्मन साहेबांनी एच चौतीस सांगितलं आणि मी ओ'हेगन आजीसाठी प्रोटेस्टंटांच्या मधोमध खणून ठेवलं. पेटी फाटकात आल्यावर कळलं. मी पलीकडे दुसरा खणेपर्यंत फादरनी तीन तास जपमाळ चालवली. लोकांना वाटलं, आजी केवढी पुण्यवान."

"ती हकिगत कार्यालयापर्यंत आली नव्हती," नॉर्मन म्हणाला.

"मी खाली दाबून टाकली. तोच माझा धंदा."

"मग नोंदवहीत रांगेच्या पुढे बाजू का लिहीत नाही?" रासाने विचारलं.

"बरं दिसणार नाही ते," नॉर्मन म्हणाला.

"भेदभाव वाटेल," कार्मेल म्हणाली. दोघांचं एकमत झालेलं पाहून दोघंही दचकले.

"आता मी फोन आला की एकच विचारतो," मॅलकी म्हणाला, "कोण गेलं? आणि कोणाच्या शेजारी? मग खणतो."

ट्रेव्हरने उत्तर दिलं होतं: सांगितलेल्या जागी खणेन. छापील उत्तराशी ते तंतोतंत जुळत होतं आणि त्याला पूर्ण गुण पडले होते. रासाने कपाळ चोळलं. दोघांनी वेगवेगळा प्रश्न ऐकला हे तिला मान्य होतं, आणि मॅलकीचं उत्तर छापील उत्तरात बसत नव्हतं हेही. तिने दोघांचाही चौथा प्रश्न रद्द केला. उरलेल्या गुणांची बेरीज केली तर दोघे बरोबरीत.

"आता जाहिरातीतली ती स्वागताची ओळ बघायची का?" कार्मेलने चाचरत विचारलं.

"कायद्याने नाही," रासा म्हणाली. "ती ओळ लोकांनी अर्ज करावा म्हणून होती. निवडायला नाही. दोघं खणू देत."

अख्ख्या प्रकरणात हे पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं, आणि तरी खणायचं कुठे यावर समिती अर्धा तास अडली. डावीकडे खणलं तर प्रोटेस्टंट बोलणार, उजवीकडे खणलं तर कॅथलिक. शेवटी मरणानेच तोडगा काढला. त्याच आठवड्यात डावीकडे कॅसिडी आजोबांसाठी आणि उजवीकडे वेल्डन आजींसाठी कबर हवी होती. मग कोणी कुठे खणायचं यावर नाणं उडवायचं ठरलं. नॉर्मनने खिशातून राणीच्या मुखड्याचं पौंडाचं नाणं काढलं. कार्मेलने सीमेपलीकडच्या आयर्लंडचं, वीणेचं युरो काढलं. दोघांनी एकमेकांच्या तळहाताकडे अशी नजर टाकली की दोन्ही नाणी परत खिशात गेली. रासाने पर्स उपसली आणि तळातून आपल्या देशाचं युरो काढलं, घोडेस्वार असलेलं.

"हा कोण?" ट्रेव्हरने विचारलं.

"तुमच्यापैकी कोणाचाही नाही," रासा म्हणाली आणि नाणं उडवलं.

मॅलकीला प्रोटेस्टंट बाजू आली, ट्रेव्हरला कॅथलिक. जुन्या रांगा अरुंद, तिथे यंत्र शिरत नाही, हातानेच खणायचं. सकाळी आठला सुरुवात झाली. अर्धं गाव कुंपणाला लोंबकळत होतं, आणि आपण कोणासाठी ओरडायचं हे कोणालाच ठरवता येत नव्हतं. ट्रेव्हर मातीशी भांडत होता, ढेकळं उडत होती, कुदळीचा खणखणाट गावभर. पायवाटेच्या पलीकडून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. मॅलकी हिरवळीची लादी वेगळी काढून सावलीत ठेवी, माती एका बाजूला फळ्यांवर रचे, अधूनमधून कडेवरून तळवा फिरवी, जसा आजारी घोड्याच्या पाठीवरून फिरवतात. ट्रेव्हर चाळीस मिनिटं आधी संपवून वर आला आणि कुंपणाकडे बघून हसला.

दुपारी रासा टेप घेऊन स्वतः दोन्ही खड्ड्यांत उतरली. वर आली तेव्हा गुडघ्यांना चिखल होता आणि कागदावर एक आकडा. मॅलकीचा सगळीकडे बरोबर. ट्रेव्हरचा पायांकडे दोन इंच अरुंद.

समिती गेल्यावर मॅलकी ट्रेव्हरच्या खड्ड्यात उतरला आणि तो दोन इंच रुंद केला. उद्या तिथे कॅसिडी आजोबा यायचे होते, निकाल यायचा नव्हता.

नोकरीचं पत्र मॅलकीला मिळालं. मंगळवारी प्रोटेस्टंटांच्या पबमध्ये म्हणाले, "शेवटी स्वागत केलंच म्हणायचं, मॅलकी." शुक्रवारी पलीकडे म्हणाले, "शेवटी आडनाव कामाला आलंच, बुकॅनन." मॅलकीने दोन्हीकडे बोटांनी दोन इंच दाखवले. दोन्हीकडे लोकांनी डोळा मारला. नोकरी हातात होती, पण ज्यासाठी मिळाली ते कोणी तोंडातून काढेना. अकरा वर्षांत इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि तो तर खड्ड्यात एकटाच काम करत होता.

सोमवारी ट्रेव्हर दफनभूमीत आला. हातात कागद.

"मॅलकी, एक विचारू? रागावू नकोस."

"आधी विचार. रागवायचं का ते मी बघतो."

"मी तक्रार करतोय. धर्मावरून डावललं म्हणून. मामा म्हणाला, कर. पण इथे लिहायचंय की ज्याला नोकरी मिळाली तो कुठल्या समाजाचा. मामा म्हणतो कॅथलिक. आई म्हणते, बुकॅनन कसले आलेत कॅथलिक, त्याच्या बापाने आपल्या चर्चचं छप्पर शाकारलंय. तीन दिवस घरात नुसता तमाशा चाललाय. तूच सांगून टाक ना, म्हणजे मी लिहून मोकळा होतो."

मॅलकीने फावडं मातीत रोवलं. "तुझा खड्डा पायांकडे किती होता?"

ट्रेव्हर बूट बघू लागला. "दोन इंच कमी."

"मोजायच्या आधी माहीत होतं तुला?"

"डावीकडे मूळ लागलं होतं. जाडजूड. म्हटलं, सोडा, कोण बघतंय."

"पेटी अडकली असती तिथे. कॅसिडीची पोरं दोऱ्या धरून उभी, म्हातारा मध्येच लटकलेला."

"माहीत आहे रे." ट्रेव्हरचे कान लाल झाले. "तुझा चांगला होता. मी वरून बघितला. दोन इंचांनी हरलो मी, मला कळतं ते."

मॅलकीने नाक शिंकरलं, चांगलं दोनदा.

"पण मग इथे लिहू काय?"

"लिही, मूळ तोडायचा कंटाळा."

"त्याला चौकट नाहीये."

"मग मी काय करू? सात चौकटींचा फॉर्म आणि खरं कारण बाहेर." मॅलकी फावड्यावर रेलला. "ऐक. एजन्सीची तात्पुरती जागा, माझी, बंद करणार होते; पण एकट्याने भागत नाही म्हणून कौन्सिलने ठेवलीय, आणि ती रिकामी आहे. महिन्या-महिन्याने कागद पुढे सरकतो, अपमान फुकट मिळतो. उद्या सातला ये. मूळ कसं कापायचं ते दाखवतो. तक्रार करायची तर कर खुशाल, ती कामानंतर."

ट्रेव्हरने कागदाची घडी करून ती खिशात घातली. फाडली नाही, मामाला तोंड दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो सव्वासातला आला, खांद्यावर स्वतःचं फावडं. मॅलकीने घड्याळ बघितलं आणि कायम नोकरीतला माणूस म्हणून आपलं पहिलं काम केलं: फाटकापासून खड्ड्यापर्यंत त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.